पाचवी फेरी

कोराडीहून निघालेली बस शहराजवळ आली आणि ईश्वरदासला दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास येऊ लागला. बसमध्ये स्पिरिट कुठलं? पण वास काही जाईना. त्यानं घंटीची दोरी ओढली आणि मधल्याच थांब्यावर उतरून कोराडीच्या दिशेनं तरातरा चालू लागला.

त्याची बायको कौशल्या पिशवी सावरत मागे धावली. "काहून उतरले जी? डॉक्टर वाट पाहून राहिले असतील!"

"नाही जात मी आता."

वीजकेंद्रात फिटर असलेल्या ईश्वरदासच्या मानेतल्या गाठी हॉजकिन्सच्या, म्हणजे एका कर्करोगाच्या निघाल्या, त्याला चार महिने झाले होते. १९८१ साल होतं. दर महिन्याला औषधांची एक फेरी. दोन औषधं शिरेतून, दोन गोळ्यांची. सुईनंतर आतडी पिळवटेपर्यंत उलट्या. गोळ्यांनी उलटंच, सारखी भूक, डोळ्याला डोळा लागत नाही, एका जागी बसवत नाही. घरातला पंखा त्यानं तीनदा खोलून जोडला होता. आता तर बोटं इतकी बधिर झाली होती की सदऱ्याची बटणंही कौशल्याच लावायची.

"गाठी बसल्या म्हणतात डॉक्टर," ती धापा टाकत म्हणाली. "दोनच फेऱ्या राहिल्या."

तो थांबला, चार पावलं पुढे गेला, परत आला. "तुले एक सांगतलं नाही मी. सुरू करायच्या आधीच डॉक्टर बोलले होते. या औषधानं आपल्याले मूल नाही होणार बहुतेक."

कोळशाचा ट्रक धूळ उडवत गेला. कौशल्यानं डोळे चोळले नाहीत.

"तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"आणि मी दर महिन्याले देवीपुढं..." ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तो तिच्यासमोर येरझाऱ्या घालत राहिला. हात मुठीत आवळायचा, सोडायचा.

"बोल ना वं काही!"

शहराकडची दुसरी बस दिसली तशी ती उठली, हात दाखवून बस थांबवली आणि आधी स्वतः चढली. दारातून म्हणाली, "चढता का? का मी एकटीच जाऊन डॉक्टरले सांगू?"

तो चढला. दवाखान्याच्या दारातच उलटी झाली, तेव्हा तिनं त्याचं डोकं धरलं. पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

सहाही फेऱ्या पूर्ण झाल्या. गाठी गेल्या, केस परत आले. बोटांत थोडा बधिरपणा राहिला. मूल झालं नाही. कितीतरी महिने कौशल्या कामापुरतंच बोलत होती.

तीन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. ईश्वरदासनं आनंदानं धरमपेठेत तिला लस्सी पाजली. अर्धा पेला तसाच ठेवून तिनं विचारलं, "तेव्हा सांगतलं असतं तर मी औषध नको म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाले?"

"भेव वाटलं होतं."

"माह्यं?"

तो बाकावर चुळबुळत पेला नुसता फिरवत राहिला.

"आता तरी एका जागी बसा जी," ती म्हणाली, आणि स्वतःच उठून उभी राहिली.