एल्याम्माचा एकच अप्पम

गुरुवारची संध्याकाळची प्रार्थना संपली तरी एल्याम्माच्या घरी कुणी अप्पम घेऊन आलं नव्हतं, आणि तिच्या नातीचं, त्रेस्याचं डोकं तापलं होतं.

ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या घराने पेसहाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या, गुरुवारी अप्पम करायचा नाही. शेजाऱ्यांनी आणून द्यायचा. मीनच्चिल नदीच्या काठी हे पोरासोरांनाही ठाऊक. आणि ही रीत सगळ्यांत इमानाने कुणी पाळली असेल, तर ती एल्याम्माने. सुतकाचं घर नदीपलीकडचं असो की तिच्याशी भांडलेल्याचं, तिचा वाफेवरचा अप्पम, वर झावळीच्या पातीचा क्रूस, सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध, तिथे पोचायचंच. आता नाताळानंतर ती स्वतः गेली, तर तिच्या घराकडे फिरकायला कुणाला सवड नव्हती!

अशी बाई पुन्हा होणे नाही. दारात आलेल्याला ती आधी “जेवलास का?” विचारी, नाव मागाहून. छत्र्या दुरुस्त करणारा असो, नाहीतर शेवटची बस चुकलेला कुणी असो. संध्याकाळी माळ जपायची ती इतक्या मोठ्याने, की संतांना दुसरं काही सुचू नये, आणि तेही दार सताड उघडं टाकून. डास चावतात म्हणून कुणी कुरकुरलं, की म्हणे, “दार लावलं तरी देवाला ऐकू येतं गं. पाहुण्याला कसं येणार?”

अशा बाईच्या पोटी दोन मुलगे आणि दोघांत नऊ वर्षं अबोला. थोरला वर्की, त्रेस्याचा बाप. धाकटा औसेप्प समोरच्याच घरात. मध्ये फक्त गल्ली. वर्कीच्या मोठ्या मुलीच्या लग्नात औसेप्पच्या सासूला, रोसम्माला, दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं, आणि तिच्या पानात माशाऐवजी नुसतं कालवण पडलं. तेही एल्याम्माच्या घरात! औसेप्प उठला तो उठलाच. आईच्या शवपेटीपाशीसुद्धा दोघे दोन बाजूंना उभे राहिले आणि नजर चुकवत राहिले.

शेवटच्या दिवसांत आजीने त्रेस्याचा हात धरला होता. “दोघांना एका मेजावर बसव. एवढंच कर.” त्रेस्याने शब्द दिला होता. मग काकाकडे खेटे घातले, तर तो म्हणे, “तुझ्या बापाला पाठव.” बाप म्हणे, “मी थोरला. मी का जाऊ?” पेसहाचा दिवस मावळला, दोघे आपापल्या ओसरीवर बसलेले, आणि आजीला दिलेला शब्द फुकट गेला असं वाटून त्रेस्याला रडू येत होतं.

तेवढ्यात गल्लीत गलका झाला. शेजारची कुंजेली चेडत्ती, म्हणजे कुंजेलीताई, हातात झाकलेलं ताट घेऊन बरोब्बर मधोमध उभी होती आणि मागे अर्धी आळी.

“एल्याम्माच्या पोरांनो, बाहेर या! हात दुखतोय माझा.”

त्रेस्या फाटकापाशी धावली. “आत्ता आठवण झाली का, चेडत्ती? आम्हाला वाटलं, आजीचं खाल्लेलं गाव विसरलं.”

“जीभ अगदी आजीची उचललीस,” कुंजेली म्हणाली. “अगं, सगळेच आणणार होते. मी अडवलं. म्हणजे तुझ्या आजीने अडवलं. नाताळात मला बजावलं तिने, ‘कुंजेली, माझी दोन घरं सुतकात असतील. पण आई एकच मेली, तेव्हा अप्पमही एकच द्यायचा. कुणी दुसरा दिला, तर वर आल्यावर मी त्याला दारात उभं ठेवीन.’ जन्मात तिने कुणाला दारात उभं ठेवलं नाही. म्हणून तर सगळे घाबरले!”

वर्की आणि औसेप्प दोघेही आपापल्या फाटकापर्यंत आले होते.

“बोला, कुणाच्या घरी ठेवू?” कुंजेलीने विचारलं.

वर्की खाली बघत पुटपुटला, “त्याला द्या. त्याला गोड आवडतं.”

“मला देऊन काय उपयोग?” औसेप्प घुश्श्यातच म्हणाला. “थोरला जिवंत असताना अप्पम मी मोडू की काय?”

नऊ वर्षांत त्याने भावाला थोरला म्हटलं नव्हतं.

“मग येऊन बस की,” वर्की म्हणाला. “आईच्या घरी यायला आमंत्रण लागतं?”

“लागतं. पानात मासा पडणार असेल तर.”

“उपास चाललाय, गाढवा. आज कुणालाच मासा नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग औसेप्पलाही आवरेना. त्याने घराकडे वळून हाक मारली. बायको आली, मुलं आली, आणि काठी टेकत म्हातारी रोसम्माही आली.

मेजाभोवती सगळे उभे राहिले. वर्कीने क्रूसाची पात अलगद काढली, अप्पम मोडला, दुधात बुडवला, आणि थांबला. पहिला तुकडा वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाचा. आजवर तो एल्याम्माचा असे. आता मेजावर सगळ्यांत मोठी होती रोसम्मा.

हे त्रेस्याच्या ध्यानात आलं. आजीने हाही हिशेब आधीच करून ठेवला होता!

वर्की मेजाला वळसा घालून म्हातारीपाशी गेला. दोन्ही हातांनी तुकडा पुढे केला. “अम्मे, त्या दिवशी चुकलं. आमच्या घराचं चुकलं.”

रोसम्माने हात जोडून तुकडा घेतला. सावकाश चावला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“पहिल्या पंगतीची चव काही वेगळीच असते,” ती म्हणाली. “आता माझ्या जावयाला द्या. उभे काय राहिलात?”

औसेप्पने भावासमोर ओंजळ धरली. वर्कीने ती ओंजळ धरून तुकडा ठेवला, आणि सोडायला विसरला.

त्रेस्याने भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे बघून ओरडूनच सांगितलं, “बसवलं गं, अम्मच्ची!”

“तू कसली बसवतेस? तिनेच बसवलं,” ओसरीवरून कुंजेलीचा आवाज आला. “आणि दार लावू नकोस हं, मलाही भूक लागलीय!”