कबरस्तानच्या कुंपणातली कळलावी

"फूल बघाय आलोय म्हणणाऱ्याला ठावठिकाणा सांगू नगंस, पोरी. त्यो मूळ न्हेतोय," असं अंबूबाई म्हणाली, तेव्हा शमशाद हसली होती.

अंबूबाई गावची सुईण. शमशादची मदिना तिच्याच हातावर जन्मलेली. पण शमशाद कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि लग्न होऊन शाहूवाडीकडच्या या गावात आल्यापासून तिला फुलांबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. त्यामुळे चष्मेवाला पाहुणा दारात येऊन कळलावीची चौकशी करू लागला, तशी तिची कळी खुलली. तिने चहा पाजला आणि सगळं सांगून टाकलं. ओढ्याकाठी, भाताच्या बांधांवर, करवंदीच्या जाळ्यांत, निवडुंगाच्या कुंपणांत.

पुढच्या पावसाळ्यात पोती आली. कळलावीच्या कंदाचं औषध होतं म्हणे. खालच्या वाडीचा पिराजी माणसं घेऊन शिवार पालथं घालू लागला. एरवी हा वेल झुडपात दिसायचाही नाही. श्रावणात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं आली की लांबून ओळखू यायचा. म्हणून खणायचं ते श्रावणातच, बी धरायच्या आत. दोन पावसाळ्यांत बांध उघडे पडले.

शमशादच्या कॉलेजच्या पुस्तकात कळलावीपुढे एकच शब्द छापला होता: सर्वत्र. सर्वत्र असलेली गोष्ट मोजतो कोण? पंच्याहत्तरच्या श्रावणात तिने मोजली. मदिनाला कडेवर घेऊन दहा दिवस ती बांधाबांधाने हिंडली. सासू हाफिजा कावली. लेकरू घेऊन जहराच्या मागे कसली फिरतेस, असं चारचौघींत बोलली. तिचं खोटं नव्हतं. तो कंद खाल्ला तर मोठं माणूस वाचत नाही, हे शमशादला सासूपेक्षा जास्त ठाऊक होतं. घरी आल्यावर ती मदिनाचे हात तीन-तीनदा धुवायची, नखं बघायची, रात्री तिचा श्वास ऐकत पडायची आणि सकाळी पुन्हा निघायची.

अख्ख्या शिवारात कळलावी एकाच जागी उरली होती. कबरस्तानच्या कुंपणात. एक्केचाळीस वेल.

त्याच आठवड्यात तिचा नवरा कुतुबुद्दीन शिलाईचं दुकान बंद करून घरी आला तो खुशीतच. शनिवारी शब-ए-बारात. त्याआधी कबरस्तान साफ करायचं, तर यंदा कुंपणाची बाजू पिराजी फुकटात मुळासकट साफ करून देणार होता. कंद तेवढे त्याचे.

शमशाद भाकरी थापता थापता थांबली. पूर्वी शब-ए-बारात थंडीत यायची. तेव्हा वेल वाळून गेलेला असायचा, कंद जमिनीखाली निवांत. वर विळा फिरला तरी त्याला पत्ता नसायचा. पण सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सरकत आता ऐन फुलात येऊन पोचला होता.

"जमातीच्या कामात बायकांनी बोलायचं न्हाय," कुतुबुद्दीन म्हणाला. मग जरा नरमून, "तुला एवढंच वाटतंय तर उद्या नबीलाल चाचांच्या कानावर घालतो."

उद्याच तर पिराजी येणार होता.

सकाळी तिने मदिनाला अंबूबाईकडे सोडलं. अंबूबाईने जुनं काही उकरून काढलं नाही. लेकरू मांडीवर घेतलं आणि जा म्हणाली.

कबरस्तानात बायका जात नाहीत. शमशाद बाहेर, रस्त्यावर, कुंपणाला लागून उभी राहिली. आत नबीलाल चाचा होते. चाळीस वर्षं गावातली प्रत्येक कबर त्यांनीच खणलेली. त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे काही बोलायचं तर ओरडूनच, आणि ओरडायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत. पिराजी दोन गडी आणि कुदळी घेऊन आलाच होता.

"बेटी, घरला जा. बायका हितं येत न्हाईत."

"मी आत आलेच न्हाय, चाचा. रस्त्यावर हाय."

"वैनी, रानच्या वेलाचा एवढा लळा?" पिराजी हसला. "परड्यात लावा की दोन."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "चाचा, कंद काढाय किती खोल खणाय लागतं, इचारा त्याला."

"हातभर," पिराजीच म्हणाला. "लई झालं तर दीड हात."

"कुंपणाकडंला तान्ह्या पोरांच्या कबरी हायत. त्या कुठं कुठं हायत तेवढं त्याला दाखवा, चाचा. त्या सोडून खणू दे."

गडी कुदळीवर हात ठेवून थांबले. तान्ह्यांच्या कबरीवर दगड नसतो. मातीचा उंचवटा असतो, तो दोन पावसाळ्यांत बसतो. नबीलाल चाचा कुंपणाच्या कडेने चालू लागले. एका जागी थांबून त्यांनी बोट दाखवलं. चार पावलांवर पुन्हा. मग तिसऱ्या जागी बोट उचललं, आणि ते कुठे रोखायचं ते त्यांना कळेना. ते मागे आले, पुन्हा पुढे गेले. शेवटी ओल्या गवतात खाली बसले.

"सगळी ध्यानात न्हाईत रं," ते म्हणाले. "माझ्याच हातानं ठेवली. पर सगळी न्हाईत ध्यानात."

पिराजी काहीतरी बोलायला गेला. चाचांनी त्याला हातानेच थांबवलं.

"कुदळी बाहीर न्हे."

त्यावरून जमातीत बरीच बोलाचाली झाली. फुकटचं काम घालवलंत, आता कुंपणाकडेचं गवत कोण काढणार, असं विचारलं गेलं. मी काढीन, असं चाचा म्हणाले. आणि सत्तरीचा तो माणूस विळा घेऊन, वेल एका हाताने बाजूला धरून, मुठीमुठीने गवत कापत बसला. तीन दिवस लागले. दिवाळीच्या सुमाराला बोंडं तडकली आणि आतलं लाल बी दिसलं. शमशादने ते रस्त्यावरूनच पाहिलं.

दोन वर्षांनी कुतुबुद्दीनने दुकान वारणानगरला हलवलं. जुन्या गावाकडे जाणारं-येणारं माणूस भेटलं की शमशाद चाचांची खबर विचारते. गेल्या पावसाळ्यापासून नीट काही कळत नाही. कुणी म्हणतं दिसतात, कुणी म्हणतं हल्ली बाहेर पडत नाहीत. आणि यंदा तर शब-ए-बारात ऐन जुलैत आहे, धोधो पावसात.

म्हणून वाचणाऱ्यांनाही तिचं सांगणं आहे: शाहूवाडीच्या एस.टी.त बसणार असाल तर वाटेत उतरून नबीलाल चाचांना बघून या. कबरस्तानच्या कुंपणाशी गवत कापत पावसात भिजत बसले असतील तर डोक्यावर इरलं द्या. डाव्या कानाने थोडं ऐकू येतं, तिथे मोठ्याने बोला. जेवलात का, एवढं विचारा.