केसाएवढी रेघ

आश्विनाची सांज कलली. पश्चिम ताम्रवर्ण झाली, खाडीचं मुख ताम्रवर्ण झालं, माडांच्या झावळ्यांवर मावळतीची मंद, मलूल, सुवर्णधूसर प्रभा रेंगाळली. समुद्र शांत होता. नको इतका शांत होता.

वामन मेतरांच्या पडवीत, दोन लाकडी खाचांवर, गळाची काठी आडवी निजली होती. कृष्णवर्ण, कृशांगी, वेताहून लवचीक. जावयाचा पहिला दिवाळसण होता. कुणी अंगठी देतं, कुणी घड्याळ. तीस वर्षं काठ्या बांधणारे वामन काठीच देणार होते. गळाची दोरी ज्यांतून धावते त्या कड्या त्यांनी एकेक करून बसवल्या होत्या, आणि प्रत्येक कडीच्या पायांवर रेशमी दोरा गुंडाळला होता, वेढ्याला वेढा खेटून. रंग लेकीनं, केसरनं, निवडले होते. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल.

एकच कडी उरली होती, मुठीजवळची, जिथं सगळा भार येतो. शेवटच्या आठ वेढ्यांखाली त्यांनी फास ठेवला, दोऱ्याचं टोक फाशात ओवलं, फास ओढला. टोक सरसरत वेढ्यांखाली शिरलं. बाहेर उरलेला बोटभर दोरा कापायचा, एवढंच काम. पातं टेकलं, आणि पातं निसटलं.

केसाएवढी रेघ. पण काठीच्या अंगात.

वामनांनी रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. अशी काठी लहान मासळीला मोडत नाही. मोठा मासा लागतो, माणूस सगळ्या अंगानं मागं रेलतो, तेव्हा मोडते. जावई जयराम ज्या खडकावरून गळ टाकायचा, त्याच्या पाठीमागं घळ होती, आणि घळीत पाणी उकळत असायचं.

नवी काठी बांधायला दिवस नव्हते. पहिल्या दिवाळीला जावई रित्या हातानं पाठवायचा? तीस वर्षांत मेतरांची एकही काठी मोडून परत आली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःशी म्हणत त्यांनी रोगणात कुंचला बुडवला. काठी फिरत राहिली, हळूहळू, हळूहळू. रोगणाखाली दोरा गेला, रोगणाखाली रेघ गेली. सगळं कसं निर्मळ, नितळ, देखणं दिसू लागलं, आणि त्या देखणेपणाची त्यांना भीती वाटली.

पाडव्याला केसरनं नवऱ्याला ओवाळलं. जयरामनं काठी उचलली, वाकवली, पुन्हा वाकवली. काठी टिकली.

"काय काठी बांधलात, मामानू!"

"जयराम, ती काठी..." वामनांची नजर मुठीजवळच्या कडीवर गेली.

"काय?"

"सांबाळून वापरा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खडकावर गेला. वामनांना घरात राहवेना. ते किनाऱ्यावर धावत आले तेव्हा दूरवर, त्या लवणधौत काळ्या खडकावर, काठी वाकली होती, वाकत होती, हळद-कुंकवाचे वेढे लखलखत होते. मोठा मासा होता.

"सोडा! दोरी सोडा! काठी मोडतली!"

वारा समुद्रावरून येत होता. त्यानं ती हाक उचलून मागं माडांत फेकली. जयरामला दिसलं ते एवढंच, की सासरे दोन्ही हात उंचावून नाचतायत. म्हातारा खूष झाला होता तर! हसून त्यानं एक हात वर केला, हलवला. मग दोन्ही मुठी आवळून सगळं अंग मागं टाकलं.

वाऱ्यानं तो आवाज मात्र नीट आणून पोचवला, वाळकी फांदी मोडावी तसा.

"बाबानू, लागलो काय मासो?" मागून केसर वाळूतून धावत, हसत येत होती.

वामन वळले नाहीत. खडकावर काठी नव्हती, माणूस नव्हता. फक्त शुभ्र फेस, चढत होता, ओसरत होता.