होडी जागच्या जागी

ते दिवस आठवले की बबिताला आधी ओल्या लोकरीचा वास येतो आणि मग स्वतःच्या आगाऊपणाचं हसू. बिरू धनगराची ही लेक पाथरीच्या शाळेत नववीत होती. निम्मं पुस्तक आपण मेंढरांमागं हिंडूनच वाचलंय, असा तिचा तोरा. म्हणून संवेगाच्या तासाला सरांनी विचारलं, “होडीतून कुणी काठावर उडी मारली, तर होडीचं काय होईल?” तेव्हा बाईसाहेबांचा हात सगळ्यांच्या आधी वर.

“काईच न्हाई, सर. जागच्या जागी ऱ्हाते.”

सर हसले, मग वर्गही हसला. माणसाला पुढं जितका संवेग मिळतो, तितकाच होडीला मागं मिळतो. दोन्हींची बेरीज बदलत नाही, असं सरांनी समजावलं. बबिताला काही ते पटेना. दर उन्हाळ्यात गोदावरी ओलांडताना तिनं भोयाच्या होडीतून उड्या मारल्या होत्या, आणि होडी कधी तसूभर हलली नव्हती!

घरी येताच तिनं दप्तर भिरकावलं. “डोळ्यानं बघितलेलं खोटं म्हणायलेत. मी न्हाई जायची शाळंत.”

आई बानूबाईला मेंढरांमागं माणूस हवंच होतं. “बरं झालं,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिरूनं लेकीला नदीवर नेलं, होडीत उभं केलं आणि स्वतः काठावर जाऊन बसला. “मार उडी.”

तिनं मारली. होडी सर्रकन मागं सरली आणि बबिता काठाच्या अलीकडंच चिखलात पालथी! बिरू पोट धरून हसला.

“आबा, मग इतकी वर्सं कशी हलली न्हाई?”

“मी मागं पाण्यात उतरून धरायचो की, बबे. न्हाई तर लय आपटली असतीस.”

बबिता तशीच चिखलाच्या पायांनी बापाच्या गळ्यात पडली. सोमवारी शाळेत गेली आणि सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, “मग तुझंही बरोबर. बाहेरून कुणी बल लावलं की बेरीज बदलते.”

आता ती सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या पोळ्याच्या आधी बिरू गेला. यंदा नववीच्या फळ्यावर तिनं नियम लिहायला घेतला. ‘बाहेरचं बल नसेल तर’ एवढं लिहून झालं आणि खडू तिथंच थांबला. इतकी वर्षं सहज लिहिलेलं हे ‘नसेल तर’ तिला पहिल्यांदाच अवघड गेलं.