एक आत, एक बाहेर

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्या एकदोघांचा बसला, त्यांना पुढे लोकांनी बरीच वर्षं वाट्टेल ते विकलं.

तर चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढणारी एक बाई होती. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि विचारायची, "हे बरं दिसतं, की हे?" तिचा नवरा विमा कंपनीत साहेब. या साहेबाच्या डोक्यात एक दिवस शिरलं, की घरात सामान जितकं कमी, तितका माणूस थोर. झालं! कपाटं गेली, पडदे गेले, गाद्यांच्या सतरंज्या झाल्या आणि मग सतरंज्याही गेल्या. घड्याळाचा मिनिटकाटासुद्धा त्याने उपटला. तास कळला की पुरे म्हणे! घर इतकं रिकामं झालं, की सकाळी दिलेली शिंक भिंतीभिंतीवर आपटत राहायची आणि संध्याकाळी बाईने दार उघडलं की तिच्या अंगावर यायची. लपायला जागा नाही म्हणून डासांनी बिऱ्हाड हलवलं. गल्लीने साहेबाला नाव दिलं, सुटसुटीतराव.

आता सुटसुटीतरावांचा हा थोरपणा चालायचा कुणाच्या जिवावर? छत्री टाकून दिली, आणि ढग दिसला की शेजाऱ्याची मागायची. शिडी पहिल्या मजल्यावरून, इस्त्री दुसऱ्यावरून, सुरी तिसऱ्यावरून. संसार सगळा होता, फक्त लोकांच्या घरी ठेवलेला. स्वतःच्या घरात एकच खुर्ची, पांढरीशुभ्र, परदेशातून मागवलेली. तिची किंमत ऐकून बायकोला घेरी आली, तर पडायला खाली काही नव्हतं, म्हणून बिचारी उभ्याउभ्याच बेशुद्ध झाली. त्या खुर्चीत बसून हे गृहस्थ रिकाम्या भिंतींचे फोटो काढायचे आणि जगाला पाठवायचे. "मन कसं हलकं झालंय," म्हणायचे. होणारच. आत होतं काय?

बाईने हे सगळं सोसलं. पण एक दिवस तिची आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आजींना एकटं ठेवायचं नाही. बाईला ना भाऊ, ना बहीण.

"आईला आपल्याकडे आणते," ती म्हणाली.

"नियम माहीत आहे ना? एक आत, एक बाहेर." सुटसुटीतराव खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"अहो, ती माझी आई आहे. स्टूल नाही."

"एकदा सूट दिली की अडगळ सुरू झालीच. आणि तूच सांग, घरात बाहेर काढण्यासारखं उरलंय काय? नाही ना? मग आत आणण्यासारखंही नाही."

बाईने चारी भिंतींवरून नजर फिरवली. ती फिरत फिरत नवऱ्यावर येऊन थांबली.

"तुम्हाला कमी हवंय," ती म्हणाली. "मला आई हवीय. सामान आणि माणूस एकच, असं तुम्हाला वाटतं, तिथेच घोळ आहे. पण असू दे. नियम तुमचा. पाळू."

सुटसुटीतरावांना वाटलं, जिंकलो. त्या आनंदात त्यांनी घरातला शेवटचा चमचाही फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी आई आली. खाली जुनं सामान नेणारी गाडी उभी. वॉकर आत आला, पांढरी खुर्ची बाहेर गेली.

"अगं, अगं! हे काय?"

"नियम."

उशी आत, घड्याळ बाहेर. औषधांची पिशवी आत, साहेबांचा मोबाइल बाहेर. मग आईने उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, आणि बाहेर द्यायला घरात एकच नग उरला.

बाईने एक डोळा मिटून आईकडे पाहिलं, दुसरा मिटून नवऱ्याकडे. "हे बरं," ती आईकडे बोट दाखवून म्हणाली. दुकानात लोक यापेक्षा जास्त घोळ घालतात.

"जावईबापू," आई म्हणाली, "जाता जाता तेवढं दार ओढून घ्या."

हमालाने सुटसुटीतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई, साहेबांना उभं न्यायचं की आडवं?"

"कसंही न्या. आत फुटण्यासारखं काही नाही."

तेव्हापासून सुटसुटीतराव जुन्या सामानाच्या दुकानात मांडलेले आहेत. एका बाजूला तीन पायांचं टेबल, दुसऱ्या बाजूला काच नसलेला आरसा. गळ्यात किमतीची चिठ्ठी. गिऱ्हाईक येतं, गालावर टिचकी मारून बघतं आणि विचारतं, "हे कशासाठी वापरतात?" दुकानदार पडला खरं बोलणारा, तो गप्प बसतो. किंमत उतरत उतरत चालली आहे. काल तर दुकानदार म्हणाला, टेबल घ्या, साहेब फुकट. त्यावर गिऱ्हाईक म्हणालं, मग टेबलही नको.

"काल? साफ खोटं!" ऐकणाऱ्यांतली एक बाई ताडकन उठली. "अहो, मी सुटसुटीतरावांच्याच जिन्यात राहते. काल संध्याकाळी आपल्या सासूबाईंचा पलंग पाठीवर घेऊन घामाघूम होऊन चढत होते ते, आणि मला म्हणाले, 'वहिनी, जरा ते टोक धरता का?'"