हौदावरची पेन्सिलची खूण

माझा धंदा गळती शोधायचा. टाकी असो, गच्ची असो, न्हाणीघर असो. पाणी कुठून पळतंय ते हुडकायचं आणि त्याची वाट बंद करायची. धंद्यातले लोक मला 'थेंब्या' म्हणतात. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनीही आधी "थेंब्या बोलताय का?" असंच विचारलं आणि मग ओशाळून माफी मागितली. त्यांच्या चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद गळत होता.

"हौद म्हणजे पोहायचा?" मी विचारलं.

"नाही हो. माणसाला बुडवून वर काढायचा."

"वरच काढायचं, तर बुडवायचं कशाला?"

ते हसले. "आलात की सांगतो. पण एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचं नाव तुमच्या थोरल्या भावानं सुचवलंय. रविवारी बाप्तिस्मा त्यांचाच आहे."

दादाशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो.

त्याचं असं झालं होतं. दादा मोठा मिस्त्री, मी त्याच्या हाताखाली तयार झालेला. टाकी बांधून झाली की ती भरायची, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलनं खूण करायची, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. चोवीस तासांनी पाणी खुणेवर असेल तर खाली सही. एका वसतिगृहाच्या गच्चीवरच्या टाकीची खूण मी केली होती. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर दादा आधीच तिथे. "बघितलंय मी, खुणेवर आहे. कर सही." पाणी खरंच खुणेवर होतं. मी सही केली. दोन महिन्यांनी खालच्या खोलीचं छत खाटांवर कोसळलं. मुलं जेवायला गेली होती म्हणून वाचली. कागदावर सही माझी, खापर माझ्या डोक्यावर. खूण कुणीतरी खोडून खाली घेतली होती, हे मला नंतर जुन्या फोटोवरून कळलं. दादाला विचारलं, तर तो मूग गिळून बसला. मला तीन वर्षं कुणी साधी मोरीसुद्धा दुरुस्त करायला दिली नाही.

मी कानाला खडा लावला: दुसऱ्याच्या खुणेवर सही करायची नाही. आणि दादाचं तोंड बघायचं नाही.

तरीही गेलो. भूतदया वगैरे काही नाही. नाकावर सदा राग असलेला माझा दादा, साठीला टेकलेला, आणि म्हणे नवा जन्म घेणार! हे बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

हौद व्यासपीठाच्या मागे होता. छातीभर खोल, तीन पायऱ्या, निळसर टाइल्स. खाली सामानाची खोली आणि भिंतीवर सगळ्या इमारतीचा विजेचा बोर्ड. म्हणजे गळती राहिली तर गंमत नव्हती. मी तळाच्या पाइपाभोवती बोट फिरवलं आणि चोर सापडला: पाइप आणि काँक्रीट यांच्यात केसाएवढी फट. हौदात बसून मी ती फोडत असताना वरून आवाज आला.

"खूण मी खाली घेतली होती."

वर बघितलं. दादा काठावर उभा होता. केस पांढरे, खांदे उतरलेले. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"कंत्राटदाराला संध्याकाळी कागद हवा होता. मी घाबरलो आणि तुला पुढे केलं. गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या कचेरीत जाऊन लिहून दिलंय. तुलाही सांगायला हवं होतं. फोन चारदा हातात घेतला, पण धीर झाला नाही."

नऊ वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. आणि ऐकल्यावर काय वाटलं? काहीच नाही. छिन्नी हातात तशीच. मग हळूहळू राग आला. आता सांगायला काय जातं? म्हातारपणी जिभेला सगळंच सोपं.

"बघू," एवढंच मी म्हणालो. तो मान हलवून निघून गेला.

मनात मात्र एकच प्रश्न. माणूस खरंच बदलतो, की वरून गिलावा मारतो? चहा पिताना मी पाळकांना तो विचारून टाकला.

"जुना माणूस पाण्याखाली ठेवायचा आणि नवा वर काढायचा, असं समजा," ते म्हणाले.

"आणि जुना पाण्याखालून पोहत दुसऱ्या काठानं बाहेर आला तर?"

"येतो ना. माझा तर रोज येतो. मी पण त्याला रोज ओळखतो." त्यांनी बिस्कीट माझ्याकडे सरकवलं. "आपल्या जोरावर नवं होता आलं असतं तर हौदाची गरजच नव्हती. दुसरं कुणीतरी हात धरून वर काढतं, हा आमचा विश्वास."

उत्तर पटलं नाही, पण डोक्यातून जाईना. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला कुठेही पाणी दिसलं की बोट घालायची सवयच आहे."

फट बुजवली, सिमेंट सुकू दिलं आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता हौद भरला. खूण केली, वेळ लिहिली. खुणेचा फोटो काढला, ती सवय आता सुटत नाही. रविवारी नऊला बघायचं आणि दहाला बाप्तिस्मा.

रविवारी वाकून बघितलं, तर पाणी खुणेच्या दोन बोटं खाली.

वाफ होऊन जाणारं पाणी नखाएवढं असतं, दोन बोटं नाही. म्हणजे फट राहिली, किंवा दुसरी कुठली असणार. बाहेर माणसं जमू लागली होती. वहिनी फुलांची टोपली घेऊन दारात उभी होती. पाळकांना बाजूला घेऊन मी सांगितलं, "आज नाही जमणार. टाइल्स फोडाव्या लागतील."

तेवढ्यात दादा पुढे आला. त्याचे केस ओले होते.

"हौद गळत नाही," तो म्हणाला. "पहाटे मी उतरलो होतो त्यात."

"कशाला?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मंडळीतली पंधरावीस माणसं ऐकत होती. हजार टाक्या बांधणारा, मजुरांना नुसत्या नजरेनं गार करणारा माझा भाऊ कान लाल करून म्हणाला, "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. भरलेल्या टाकीत मी कधीच उतरलो नाही. आज सगळ्यांसमोर पाय लटपटले असते, म्हणून सराव करायला आलो. घसरलो, धडपडलो, बरंच पाणी बाहेर उडालं. फरशी पुसून घेतली."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मला हसू आलं नाही. शंकेची पाल चुकचुकलीच. पुन्हा तोच माणूस, पुन्हा तीच खूण, आणि पाणी कुठे गेलं याला पुरावा फक्त त्याच्या शब्दाचा! मग एकदम लक्षात आलं. नळ हौदाच्या डोक्यावरच होता. पहाटे दोन मिनिटं तो सोडून दादानं पाणी खुणेपर्यंत आणलं असतं, तर मला काय, कुणालाच कळलं नसतं.

पाळक माझ्याकडे बघत होते. वहिनीसुद्धा. मी खिशातली पेन्सिल काढली. खरं सांगतो, सही करणार होतो.

दादानं माझा हात धरला. "नको. माझ्या शब्दावर सही करू नकोस."

"अरे, पण मी तुझं..."

"एकदा केलीस तेवढी पुरे. खाली विजेचा बोर्ड आहे. पुन्हा भर, पुन्हा खूण कर. मी उद्या येईन."

"लोक आलेत दादा," मी म्हणालो. नऊ वर्षांनी तोंडातून 'दादा' निघालं, ते असं, वाद घालताना.

"येऊ देत. थांबेन मी."

त्यानं स्वतः नळ सोडला. मी खूण केली. सगळे बाहेर पडल्यावर त्यानं दाराला कुलूप घातलं आणि झाडलोटीसाठी त्याच्याकडे असलेली किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "आता मला आत जाताच येणार नाही," म्हणाला. मग बसची वाट बघत उभा राहिला, वहिनीच्या हातातली टोपली स्वतःकडे घेऊन.

घरी जाताना मला रडू आलं. हसण्यावारी नेण्यासारखं काही सुचलं नाही.

सोमवारी दहा वाजता पाणी खुणेला चिकटून होतं. वाफेचं नखभर सोडलं तर काहीच फरक नाही. मी सही केली आणि थोडं पाणी काढून हौद कमरेपर्यंत आणला. कामाचा दिवस, त्यामुळे माणसं चारच: पाळक, दादा, वहिनी आणि मी.

दादा पहिल्या पायरीवर उतरला आणि तिथेच अडकला. पाळक पाण्यात हात पुढे करून उभे होते, पण दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"अरे, तू जरा येशील का?"

मी कामाच्या कपड्यात होतो, खिशात मोजपट्टी, पायात बूट. तसाच उतरलो. दादानं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बोटांचे वळ दोन दिवस होते. पाळकांनी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आम्ही दोघांनी त्याची पाठ धरली आणि तो मागे गेला. क्षणभर त्याचा चेहरा पाण्याखाली दिसला, डोळे गच्च मिटलेले. मग आम्ही त्याला वर काढलं. तो खोकला, शिंकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मीही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," पाळक म्हणाले. "सुरुवात झाली."

पुढच्या रविवारी मी हौद बघायला म्हणून गेलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला पाळकांनी विचारलं, "अजून गळतोय का?" मग मी निमित्त सोडून दिलं आणि शेवटच्या बाकावर बसू लागलो, प्रश्न घेऊन. काहींची उत्तरं मिळाली, काहींची अजून नाहीत. पण प्रार्थना करताना मी आधी डोळे किलकिले करून इकडेतिकडे बघत असे, ते कधी थांबलं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

दीड वर्षानं हौद पुन्हा भरला, माझ्यासाठी. गळतीवाल्याच्या बाप्तिस्म्याला हौद गळला तर धंदा बसेल, म्हणून चाचणी हवीच, असं पाळक म्हणाले. दादानं हात पुढे केला. मी पेन्सिल त्याला दिली. त्यानं खूण केली, वेळ लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी तोच काठाशी उभा होता.

"बघितलंय मी, खुणेवर आहे," तो म्हणाला आणि पेन्सिल परत माझ्यापुढे धरली. "पण तू बघून घे."

मी वाकलो नाही. सही केली, बूट काढले आणि पाण्यात उतरलो.