पंधराला शहात्तर

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. गोपीचंद कापगते यांनी धानाचे दुसरे पोते गाडीच्या मागच्या आसनावर टेकवले, पहिल्या पोत्याला ते नीट लागले आहे याची हाताने चाचपून खात्री केली आणि मगच पाठ सरळ केली. पोत्याचे दुसरे टोक त्यांच्या सुनेने, रेणूने, धरले होते.

"चाळीस आणि चाळीस, ऐंशी किलो," ते म्हणाले. "तुझ्या औषधांच्या पेट्या आणि उपकेंद्राच्या आशाताई, दोन्ही मिळून एवढंच होतं."

"आशाताईंना सांगू नका, मामाजी. पोत्यात मोजलं म्हणून रागावतील."

दारातून सुमित्राबाई चप्पल पायात सरकवत बाहेर आल्या.

"मी बी येऊन राहिली. माझं वजन धरलं का हिशेबात?"

"तू येणार असशील तर एक पोतं उतरवावं लागेल."

"राहू द्या. मी हिशेबाच्या बाहेर बसते." असे म्हणून त्या पोत्यांच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत जाऊन बसल्यासुद्धा.

गोपीचंद यांनी आक्षेप घेतला नाही. चाचणीच्या वेळी भार थोडा जास्तच असावा, कमी नसावा, हे त्यांनी तंत्रशाळेत तीस वर्षे मुलांना शिकवले होते.

चाचणी गाडीची होती. पण घरातल्या तिघांनाही ठाऊक होते की ती केवळ गाडीची नव्हती. रेणू पळसटोल्याच्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी होती. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे त्याच्या उंच बांधावरून गेले तर पळसटोला सात किलोमीटर, आणि हायवेने सडक अर्जुनीला वळसा घालून गेले तर सव्वीस. वळशाने जायचे म्हणजे पहाटे निघणे आणि दिवेलागणीनंतर परतणे. तिचा नवरा हिमांशू नागपूरला नोकरीला. तो पंधरा दिवसांनी येई. पळसटोल्यात अंगणवाडीच्या सुशिलाबाईंनी घरामागची एक खोली देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत काय ते सांगा, असा निरोप पाठवला होता. गाडी आज पाळ चढली तर रेणू घरी राहणार होती. नाही चढली तर सोमवारी तिची गादी आणि दोन पेट्या पळसटोल्याला जाणार होत्या.

ही गोष्ट घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. बोलणे गिअरवर चाले.

गाडी लहान, आठशे सीसीची, चार गिअरची, सोळा वर्षांची. कालव्याकाठच्या वाटेवर दगड फार; गाडीचे पोट घासू लागले म्हणून जुलैत सडक अर्जुनीच्या ओमेश मिस्त्रीने तिला मोठी चाके बसवून दिली होती. पोट घासणे थांबले. पण सप्टेंबरात पाळीच्या चढणीवर क्लच जळाला. ओमेश हा गोपीचंद यांचाच जुना विद्यार्थी. जळलेली प्लेट हातात धरून तो म्हणाला होता, "सर, इंजन एकदम ओके आहे. पर प्लेट पाहा, पापड झाला हिचा."

गोपीचंद यांनी त्याच संध्याकाळी अंगणात टेबल मांडले. जुन्या चाकाचा व्यास पाचशे आठ मिलीमीटर, नव्याचा पाचशे अठ्ठ्याहत्तर. चाक जवळपास चौदा टक्क्यांनी वाढले, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांबला. पहिल्या गिअरची ओढ बारा टक्क्यांनी उणी झाली. इंजिन दमत नव्हते, त्याच्या हातातला दांडा कोणीतरी आखूड केला होता.

"म्हंजे कसं?" सुमित्राबाईंनी टेबलावर चहा ठेवत विचारले होते.

"जात्याचा खुंटा कडेला असला की जातं हलकं फिरतं ना? तोच खुंटा मध्याकडे सरकवला तर?"

"हात भरून येतील."

"तसे गाडीचे हात भरून येतात. खुंटा पुन्हा कडेला न्यायचा."

खुंटा कडेला नेण्याचे दोन मार्ग होते. जुनी चाके लावायची, तर पोट पुन्हा दगडांना लागणार. दुसरा मार्ग म्हणजे गिअरबॉक्सच्या शेवटी, चाकांना फिरवणारी जी दातेरी जोडी असते, ती बदलायची. मूळ जोडी सतरा आणि चौऱ्याहत्तर दातांची. धाकटे चाक चार पूर्णांक पस्तीस वेळा फिरले की मोठे एकदा फिरणार. पंधराला शहात्तर अशी जोडी मिळाली तर तेच पाच पूर्णांक शून्य सात वेळा होणार. गेलेली ओढ परत, वर थोडी भर. वेग मात्र घटणार. हायवेवर सत्तरच्या पुढे इंजिन किंचाळणार.

"हायवेवर कोणाले जायचं आहे?" सुमित्राबाई म्हणाल्या होत्या. "पन एवढे दुसऱ्याचे दात मोजून राहिले, सोताची कवळी कधी घालनार? कपाटात पडून आहे."

तिसराही एक मार्ग होता, पण तो कोणी मार्ग मानत नसे. मागल्या वर्षी बाहेरगावच्या एका कंत्राटदाराने चढण दोन फूट तासून सौम्य करू, असे ग्रामसभेत सुचवले होते. मागच्या रांगेतली एक म्हातारी हसली, आणि विषय संपला. पाळ कापगत्यांच्या आणि आणखी चार घरांच्या पूर्वजांनी डोक्यावर माती वाहून बांधलेली. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या गावात पाळीवर माती टाकतात, पाळीला कुदळ लावत नाहीत. त्यापेक्षा गाडीचे दात बदललेले बरे, यात कोणालाही काही विचित्र वाटले नाही.

जोडी रायपूरच्या भंगार बाजारात मिळाली. ओमेशने गिअरबॉक्स खोलला, गोपीचंद यांनी दात दोनदा मोजले. शुक्रवारी गाडी घरी आली.

आता ते स्वतः चालकाच्या जागी बसले. पहिली चढण आपण करायची, हे त्यांनी आधीच जाहीर केले होते. रेणू शेजारी बसली. कालव्याची वाट सरळ होती. कापणी झालेल्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धानाच्या पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात, पण उत्साहाने चालली होती.

"ऐकलंस? दमत नाही ती."

"हो, मामाजी," रेणू म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पाळीपाशी वाट काटकोनात वळत असे आणि वळताक्षणी चढण लागे. धाव घ्यायला जागाच नव्हती. चढण बावीस मीटरची, पाच फुटांना एक फूट. गोपीचंद यांनी ती गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मापून घेतली होती. त्यांनी वळण घेतले, पहिला गिअर टाकला आणि हलक्या हाताने क्लच सोडला.

गाडी चढू लागली. पाच मीटर, आठ मीटर. इंजिन एका सुरात बोलत होते. गोपीचंद यांच्या चेहऱ्यावर, तपासलेल्या उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण द्यावे लागावेत तसा भाव आला. आणि दहाव्या मीटरवर पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. मुरमाचे खडे खाली ताडताड उडाले. गाडी थांबली, जराशी मागे घसरली. त्यांनी ब्रेक दाबला.

"मुरूम नवा आहे," ते म्हणाले. "पुन्हा."

ते खाली आले, पुन्हा चढले. पुन्हा दहावा मीटर, पुन्हा तोच ताडताड आवाज. तिसऱ्या खेपेला त्यांनी आणखी सावकाश घेतले. फरक एवढाच पडला की खडे सावकाश उडाले. सुमित्राबाई मागे एका हाताने पोते आणि दुसऱ्या हाताने दार धरून बसल्या होत्या.

गाडी पायथ्याशी आणून गोपीचंद खाली उतरले. पुढच्या चाकाजवळ बसून त्यांनी टायरच्या खाचेतला एक खडा काढला आणि तळहातावर ठेवून पाहिला. ओढ आली होती. हिशेब एका दातानेही चुकला नव्हता. तरी गाडी वर गेली नव्हती.

"खोलीला खिडकी आहे का गं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

"आहे," रेणू म्हणाली. "लहान आहे."

पाळीवर म्हशी चारत उभा असलेला केवळराम बऱ्याच वेळापासून हे पाहत होता. तो काठीवर हनुवटी टेकवून वरूनच बोलला, "मॅडम, आज तोंडाकडून काऊन चढवून राहिले जी? नेहमीसारखी उलटी घ्या ना."

सुमित्राबाई तलावाकडे पाहू लागल्या. रेणूने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"नेहमीसारखी?" गोपीचंद म्हणाले.

"भादव्यात, मामाजी. सात-आठ वेळा असेल. एकदा सरळ जातच नव्हती, म्हणून चिडून रिव्हर्स टाकला, तर गेली. पळसटोल्याचे पोट्टे मले उलटी मॅडम म्हणतात." तिने ओढणी सोडली. "पण जोर लावावा लागे. क्लच अर्धा दाबून. तो मीच जाळला."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगणार होती. घरी आली त तुम्ही अंगणात टेबल मांडून बसले होते."

"नंतर सांगायचं."

"आईंनी थांबवलं."

गोपीचंद यांनी गाडीच्या मागच्या खिडकीकडे पाहिले. सुमित्राबाईंनी पोत्यावरचा हात काढला नाही.

"मीच म्हटलं, बोलू नोको," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून पयल्यांदा तुमाले जेवायले दोनदा हाका माराव्या लागल्या. आपल्या हातानं ते कायले मोडू?"

वर केवळराम म्हशीला काहीतरी बोलला. गोपीचंद यांनी हातातला खडा खाली टाकला. मग त्यांनी आपला डावा तळहात तिरपा धरला, उजव्या हाताची दोन बोटे त्यावर गाडीसारखी उभी केली आणि ती आधी सरळ, मग उलट फिरवून पाहिली. ओठ हलत होते. रेणूला वाटले, ते रागावले आहेत; सुमित्राबाईंना माहीत होते की ते भागाकार करत आहेत.

"चढणीवर भार खालच्या बाजूच्या चाकांवर येतो," ते म्हणाले, आणि आवाज हळूहळू वर्गातला झाला. "आपली ओढणारी चाकं पुढची. सरळ चढलं की ती वर, हलकी. उलटं चढलं की ती खाली, जड. पकड तिथे आहे. आणि त्यावर मी पोती मागे ठेवली." ते रेणूकडे वळले. "रिव्हर्सचीही ओढ याच जोडीतून जाते, रेणू. तेव्हा ती साडेचौदा पट होती. आता सतरा पट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा पकड होती, ओढ नव्हती. आज ओढ आहे, पकड नाही. दोन्ही एका वेळी कोणी मागितल्याच नाहीत तिच्याकडे." त्यांनी मागचे दार उघडले. "सुमित्रा, उतर. पोतं पुढे घ्यायचं आहे."

केवळराम खाली आला आणि एका दमात पोते उचलून त्याने पुढच्या आसनावर बसवले. दुसरे मागे पायांपाशी आडवे टाकले, म्हणजे काचेतून मागचे दिसेल. रेणू चालकाच्या जागी बसली. तिने गाडी चढणीच्या पुढे नेली, मान वळवली आणि शेपटीच्या बाजूने वाट धरली.

गोपीचंद गाडीसोबत चालू लागले. चाकांकडे त्यांचे लक्ष नव्हते. दर चार पावलांनी ते खाली वाकत आणि नाकाने हवा ओढत. जळालेल्या क्लचचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. तो आला असता तर खोलीची लहान खिडकीही आली असती.

दहावा मीटर आला आणि गेला. खडे चाकाखाली दबले, उडाले नाहीत.

"थांबव," ते ओरडले.

रेणूने चढणीच्या मधोमध ब्रेक लावला.

"आता पुन्हा उचल. क्लच अर्धा धरू नको. पूर्ण सोड."

"बंद पडेल, मामाजी."

"पडू दे."

तिने क्लच सोडला. गाडीने एकदा मान हलवल्यासारखे केले आणि ती आपल्या पाठीने, संथपणे, पाळीवर चढून उभी राहिली. गोपीचंद मागून धापा टाकत पोचले, बॉनेटवर हात ठेवून वाकले आणि त्यांनी शेवटचा, लांब श्वास घेतला. पाण्याचा वास होता, म्हशींचा होता. तिसरा वास नव्हता.

सुमित्राबाई पदर सावरत चढून आल्या. "आला का वास?"

"नाही."

"मंग चेहरा कायले असा केला?"

"दम लागला आहे," गोपीचंद म्हणाले. मग थोडे थांबून, "दुपारी जेवायला तीनदा हाका मारशील. पोती कुठे ठेवायची याचं कोष्टक करायचं आहे."

पाळीवर मोबाइलला चांगली रेंज मिळे. रेणूने गाडीच्या दारात उभी राहूनच सुशिलाबाईंना फोन लावला आणि सोमवारची वाट न पाहता सांगून टाकले की खोली नको. पलीकडून मोठ्याने हसल्याचा आवाज आला.

"बरं केलं, मॅडम. घरचे चार दिवसांपासून माझं डोकं खाऊन राहिले, धान कुठी भरू म्हणून. तुमच्यासाठी झाडून ठेवली होती मी."

संध्याकाळपर्यंत त्या खोलीत बत्तीस पोती धान रचले गेले.